शस्त्रावाचून तारुण्य

केस पिकले तर कलप लावता येतो, दात पडले तर कवळी बसवता येते. पण चेहऱ्यावर एकदा उमटलेली सुरकुती घालवावी कशी, हा प्रश्न मनुष्याला फार प्राचीन काळापासून छळीत आला आहे. आपल्या वैद्यकाने सुरकुत्या आणि पांढरे केस यांची 'वलीपलित' अशी जोडीच बांधून दिली व त्यांवर रसायने सांगितली. ययातीने तर मुलाचेच तारुण्य मागून घेतले. परंतु श्रोतेहो, आज सांगावयाची हकीकत पुराणातील नव्हे, इतिहासातील आहे.

१८६२ साली ईजिप्तमधील लक्सर येथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक जुना पपायरस विकत घेतला. इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची ही प्रत. तिच्या दर्शनी बाजूस जखमा व अस्थिभंग यांचे विवेचन आहे, आणि ते इतके शिस्तीचे की आजच्या शल्यवैद्यानेही मान डोलवावी. पाठीमागच्या बाजूस मात्र मंत्रतंत्र, आणि म्हाताऱ्याचा तरुण करणाऱ्या लेपाची कृती! लेपातील मुख्य फळ मेथी की कडू बदाम, यावर पंडितांत मतभेद आहेत. पुढे रोममध्ये नीरोची पत्नी पॉपीया हिच्या स्नानासाठी पाचशे गाढविणी बरोबर नेल्या जात, असे प्लिनी लिहितो; त्या दुधाने सुरकुत्या जातात अशी समजूत होती. यात गाढविणींखेरीज कोणाचे फारसे बिघडले असेल असे वाटत नाही.

खरे अनर्थ घडले ते शास्त्राचे नाव पुढे आल्यावर. १८९९ मध्ये व्हिएन्नाचे शल्यवैद्य रॉबर्ट गेर्झुनी यांनी एका रुग्णाच्या शरीरातील उणीव भरून काढण्यासाठी पॅराफिन सुईने टोचले. पातळ करून टोचावे, आत गेल्यावर ते घट्ट व्हावे. कल्पना मोहक होती. लवकरच बसकी नाके आणि सुरकुतलेले गाल यांवर तिचा सर्रास प्रयोग होऊ लागला. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सौंदर्यवती. नाकाची रेषा ग्रीक मूर्तीसारखी सरळ असावी, एवढ्याच हौसेने तिने १९०३ च्या सुमारास, बावीस वर्षांची असताना, नाकात पॅराफिन भरून घेतले. ते जागेवर राहिले नाही. हळूहळू हनुवटीकडे उतरले. पुढे १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली, १९७७ पर्यंत जगली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ तिला तो चेहरा बाळगावा लागला. इतरांच्या चेहऱ्यांवर कालांतराने गाठी उठल्या, काहींची दृष्टीही गेली.

त्यानंतर फ्रान्समध्ये १९३३ साली 'थो-रादिया' नावाचे मलम बाजारात आले. त्यात थोरियम आणि रेडियम होते. मलमावर डॉ. आल्फ्रेड क्यूरी यांचे नाव झळकत असे. या गृहस्थांचा मादाम क्यूरींशी काडीचाही संबंध नव्हता. मादाम स्वतः १९३४ मध्ये रक्ताच्या विकाराने वारल्या. मलमातील रेडियम मात्र १९३७ च्या सरकारी निर्बंधानंतरच गेले.

या साऱ्या खटाटोपात त्वचेला घट्टपणा येतो कशाने, हे कोणीच नीट विचारले नव्हते. त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. त्वचेचा ताण कोलॅजन नावाच्या प्रथिनावर अवलंबून असतो. १९५२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ बर्नाल मद्रासला आले असता त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून जी. एन. रामचंद्रन यांचे लक्ष या प्रथिनाकडे वळले. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तेथील कोलॅजन त्यांनी तपासले, कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधही तपासले. १९५४-५५ मध्ये त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह दाखवून दिले की, या प्रथिनाची घडण तीन पेडांची आहे. आपल्या लेकीबाळींच्या वेणीसारखी, म्हणाना.

ही वेणी साठ-पासष्ट अंशांच्या उष्णतेने सैल होते आणि धागा आखूड व जाड होतो. कातडी कमावणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते: कच्चे कातडे कढत पाण्यात टाकले की आवळते. आजची यंत्रे याच गुणाचा उपयोग करतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी रेडिओ-लहरींच्या यंत्रास परवानगी दिली. वरची त्वचा थंड ठेवून आतील थर तापवावयाचा, ही त्यातील युक्ती. २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्रही मान्य झाले. थोडे कोलॅजन तत्काळ आवळते. परंतु मुख्य काम शरीरच करते. त्या सौम्य इजेला जखम समजून ते नवे धागे विणू लागते.

प्रारंभी उष्णता फार देण्यात आली. वेदना होत, क्वचित कातडीखालची चरबी वितळून गालाला खळगे पडत. पुढे वैद्यांनी उष्णता कमी करून हात अधिक वेळा फिरवण्याची पद्धत घेतली. तरीही फार लोंबणाऱ्या त्वचेपुढे या यंत्रांचे काही चालत नाही. जेथे चालते तेथे गुण दिसू लागतो तो दोन-तीन महिन्यांनी, आणि तोही इतका बेताचा की, तो पटवून देण्यासाठी पुष्कळदा वैद्याला आधीचे छायाचित्र काढून दाखवावे लागते.