पंख्यांतील विद्युत् दोषशोधन

विद्युत् पंखे, पंखायुक्त तापक व वातानुकूलन यंत्रांतील हवा खेळविणारे पंखे यांतील बिघाडांची कारणे हुडकून काढण्याच्या क्रियेस विद्युत् दोषशोधन म्हणतात. यंत्रांत जसजशा सुधारणा होत गेल्या, तसतसे दोषांचे स्वरूप बदलले व दोष नजरेआड होत गेले. त्यामुळे निरीक्षणाची जागा क्रमाक्रमाने मापनाने घेतली.

अमेरिकेत १८८०–९० या दशकात स्कायलर व्हीलर यांनी मेजावर ठेवण्याजोगा, दोन पात्यांचा विद्युत् पंखा तयार केला. एकदिश प्रवाहावरील जुन्या पंख्यांत दिक्‌परिवर्तकावर घासणारे कार्बनाचे कुंचे झिजत व ठिणग्या उडत. असा दोष डोळ्यांनी दिसे आणि कुंचे बदलल्यास बहुधा नाहीसा होई.

निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहावरील प्रवर्तन चलित्राची एकस्वे मिळाली. या चलित्रात कुंचे नसतात. परंतु घरगुती एककला पुरवठ्यावर ते आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी साहाय्यक गुंडाळी व तिच्या एकसरीत धारित्र (विद्युत् भार साठविणारी प्रयुक्ती) जोडतात. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि हाताने गती दिल्यावर फिरू लागत असेल, तर धारित्र किंवा साहाय्यक गुंडाळी सदोष असण्याचा संभव असतो. धातुलेपित प्लॅस्टिक पटलाच्या धारित्रात छिद्र पडले, तर त्याभोवतीचा धातूचा थर उडून जातो व धारित्र चालू राहते; मात्र त्याची धारकता घटत जाते. त्यामुळे पंखा एकदम बंद न पडता मंदावतो. पुरवठा तोडल्यानंतरही धारित्रात भार राहू शकतो. म्हणून तो योग्य रोधकातून काढून टाकल्याशिवाय अग्रांना स्पर्श करणे धोक्याचे असते.

ॲल्बर्ट मार्श यांच्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूमुळे (एकस्व १९०६) टिकाऊ तापक तारा उपलब्ध झाल्या. पंखायुक्त तापकात हवेचा प्रवाह थांबल्यास तार अतितप्त होते. म्हणून त्यात तापमर्यादक स्विच बसवितात. त्यामुळे तापक थंड पडला तरी मूळ दोष तारेत नसून थांबलेल्या पंख्यात किंवा धुळीने बुजलेल्या जाळीत असू शकतो.

अशा दडलेल्या दोषांसाठी मापक उपयुक्त ठरले. निरोधनाचा रोध मोजणारे, सिडनी एव्हरशेड यांनी विकसित केलेले उपकरण १९०३ पासून ‘मेगर’ या नावाने ओळखले जाते. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांनी १९२३ मध्ये प्रवाह, दाब व रोध ही तिन्ही मोजणारा मापक प्रचारात आणला. २३० व्होल्ट दाबावर १,००० वॉट शक्ती घेणाऱ्या तापक तारेचा रोध सु. ५३ ओहम असतो. पुरवठा तोडून व तारेची अग्रे सोडवून घेतलेले वाचन अनंत आल्यास तार तुटलेली आहे, असे ठरते.

वितळतार वा तापमर्यादक स्विच यांनी मंडल तोडणे हा स्वतः दोष नसून बहुधा दोषाची सूचना असते. वितळतारेच्या जागी जाड तार घातल्यास यंत्र काही काळ चालते, परंतु अतिरिक्त प्रवाहाने तारा तापून आग लागू शकते. म्हणून संरक्षक प्रयुक्ती का तुटली, हे शोधल्याशिवाय दोषशोधन पूर्ण होत नाही.