लखुजी जाधवराव : एक घर, दोन छावण्या

जालन्याहून सिंदखेडला गेलेले आपण जिजाऊंचे जन्मस्थान पाहतो. त्यांच्या वडिलांच्या भव्य समाधीपाशी फारसे थांबत नाही.

देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे लखुजी निजामशाहीतले मातबर सरदार. लेक दिली वेरूळच्या भोसल्यांकडे. पुढे खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्या दंगलीत, असे बखरकार सांगतात, लखुजींचा पुत्र दत्ताजी शहाजींच्या चुलतभावाच्या, संभाजीच्या, हातून पडला आणि लखुजींनी संभाजीला मारले. जिजाऊंना कोणाचे सुतक अधिक? १६२४ साली भातवडीच्या लढाईत तर बाप मोगलांकडे, नवरा निजामशाहीकडे!

लखुजींना चंचल म्हणणे सोपे आहे. पण वतन राखणाऱ्याने त्या काळी कोणत्या दरबाराचा भरवसा धरावा? निजामशाहीत ते परतले, आणि जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस मुजऱ्याला गेले असता पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह मारले गेले. पत्नी म्हाळसाबाई उरलेल्या माणसांनिशी सिंदखेडला निसटल्या. भाऊ जगदेवराव मोगलांना मिळाले.

जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले, तेव्हा आजोबांना जाऊन सात महिनेही झाले नव्हते.