श्रीमंत शहर आणि शहरातला माणूस

या व्याख्यानमालेत आपण शब्दांकडे जरा थांबून बघतो. आजचा विषय वर्तमानपत्रातला आहे. ‘संपत्ती उभी करण्यासाठी जगातली उत्तम शहरं’ अशा याद्या आता वरचेवर येतात. घरातला मुलगा किंवा मुलगी ती यादी मोबाइलवर दाखवते आणि बोलणं सुरू होतं. इथली नोकरी सोडावी का? गावची जमीन विकून तिथे घर घ्यावं का? यादी करमणूक म्हणून छापलेली असेल, पण तिच्यावरून घेतलेले निर्णय करमणुकीचे नसतात. म्हणून आज आपण एवढंच विचारू, की या याद्यांना अर्थ आहे का, आणि असला तर कोणता.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची जुनी खोड अशी, की आधी वाक्य सोडवून बघायचं. ‘हे शहर श्रीमंत आहे’ या वाक्यात तीन वेगळी वाक्यं लपलेली असतात. एक, या शहरात पुष्कळ श्रीमंत माणसं राहतात. दोन, या शहरात पगार जास्त मिळतो. तीन, बाहेरून या शहरात येणारा साधा माणूस इथे श्रीमंत होतो. पहिलं वाक्य खरं असलं म्हणून तिसरं खरं ठरत नाही. याद्या बहुतेक वेळा पहिलं किंवा दुसरं मोजतात आणि आपण वाचतो मात्र तिसरं. हा फरक इतिहासात कसा दिसतो, ते आपण आपल्याच किनाऱ्यावर बघू.

समजा, १६६० च्या सुमारास कुणी अशी यादी केली असती. पश्चिम किनाऱ्यावर पहिला नंबर निर्विवाद सुरतेचा. मोगलांचं मोठं बंदर, मक्केची जहाजं तिथून सुटायची, आणि वीरजी व्होरासारखा सावकार तिथला, ज्याच्याकडून इंग्रज कंपनीही कर्ज घ्यायची. मुंबई त्या यादीत आलीच नसती. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने ही बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि राजाने १६६८ मध्ये ती कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकली. दलदल, ताप, माणसं पटापट मरत. दोन पावसाळे काढले म्हणजे खूप झालं, असं तिथले इंग्रजच म्हणत.

पण यादीतल्या पहिल्या शहराची श्रीमंती सगळ्यांनाच दिसत असते, बरं का! १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते सुरत श्रीमंत होती म्हणूनच, आणि १६७० मध्ये पुन्हा गेले. कंपनीने १६८७ मध्ये आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. पुढच्या शतकात मोगल सत्ता ढासळली, तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला आणि व्यापाराची वाट हळूहळू दक्षिणेकडे वळली. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीचे कारागीर मुंबईत आले. मुंबईचा नंबर वर लागला म्हणून ते आले नव्हते. हातात कसब होतं आणि कंपनीचं काम मिळालं होतं, म्हणून ते आले. त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. यावरून एक गोष्ट ध्यानात घेऊ. यादी काल काय झालं ते सांगते, आणि जाणारा माणूस उद्यासाठी जातो.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. बॅकबेच्या शेअरांसाठी लोक वेडे झाले होते. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. त्या वर्षीच्या आपल्या काल्पनिक यादीत मुंबई पहिल्या तीनांत सहज बसली असती.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याची तारीख होती. त्या दिवशी देणी फेडायला कुणाकडे पैसाच नव्हता. कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली, खुद्द प्रेमचंदही बुडाले. त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. तो १८७८ मध्ये पुरा झाला आणि आज आपण तिथून जाताना वर बघतो. आता दुसरा आकडा ऐका. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार निघाली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी! तेजी बघून आलेली किती माणसं परत गेली, याचा हिशेब या दोन आकड्यांच्या मध्ये पडलेला आहे. टॉवर दिसतो, परत गेलेला माणूस दिसत नाही. यादी करणाऱ्याची अडचणही नेमकी हीच असते. त्याला टिकलेले मोजता येतात, गेलेले मोजता येत नाहीत.

याच पडझडीत जमशेटजी टाटांच्या घरच्या पेढीलाही जबर तडाखा बसला होता. पुढे त्यांनी मोठी कापडगिरणी काढायची ठरवली तेव्हा काय केलं? मुंबई तेव्हा गिरण्यांचं शहर होत चाललं होतं. कुणीही मुंबईच म्हणालं असतं. टाटा नागपूरला गेले. कापूस तिथे जवळ पिकत होता, जमीन स्वस्त होती, रेल्वे पोचली होती. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिने उत्तम नफा दिला. टाटांनी ‘उत्तम शहर कोणतं’ असं विचारलं नाही. ‘आपल्या या कामासाठी योग्य जागा कोणती’ असं विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर यादी देते, दुसऱ्याचं देऊ शकत नाही.

आता गिरणगावात येऊ, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरचा हा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतला दर पाचवा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. गिरणीत साच्यावर उभा राहणारा हा माणूस एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा आणि महिन्याला गावी मनिऑर्डर करायचा. बायको, मुलं, म्हातारी माणसं गावात. आजारी पडला की तो गावी जायचा, म्हातारा झाला की गावी जायचा. म्हणजे त्याच्या श्रमाची कमाई मुंबईच्या खात्यात जमा होत होती आणि त्याला वाढवण्याचा, सांभाळण्याचा खर्च कोकणच्या खात्यात पडत होता. शहराची हद्द आखून संपत्ती मोजली की हे दुसरं खातं दिसतच नाही. मुंबई श्रीमंत आणि कोकण गरीब, असं आपण सहज म्हणतो. दोन्ही एकाच वहीची दोन पानं आहेत, हे विसरतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९८१ मध्ये गिरणीतली कायम नोकरी म्हणजे लग्नाच्या बाजारात खणखणीत नाणं होतं. दोन वर्षांत ते नाणं चालेनासं झालं. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची वाट मोकळी करून दिली आणि त्या जागी मॉल उभे राहिले, टॉवर उभे राहिले. त्याच शहरात, त्याच एकरांवर, त्याच काळात कुणाची तरी संपत्ती शेकडो पटींनी वाढली आणि कुणी तरी घराच्या सोडतीसाठी अर्ज भरत राहिलं. अर्ज भरणारे लाखाहून अधिक होते. मग सांगा, १९८० ते २०१० या काळात मुंबई संपत्ती उभी करण्यासाठी चांगली होती की वाईट? ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्यासाठी चांगली. ज्याच्याकडे फक्त हात होते त्याच्यासाठी वाईट. शहर एकच, उत्तरं दोन. जो आकडा या दोन्हींची सरासरी काढतो, तो दोघांपैकी कुणाबद्दलच खरं सांगत नाही.

आजही तसंच आहे. २०२४ च्या हुरुन यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश निघाले, बीजिंगमध्ये ९१. आपण आनंदलो. आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त घरं झोपडपट्टीत होती. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मर्सरची शहरांतल्या महागाईची यादी घ्या. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं म्हणून ती निघते. त्या कामाला ती उपयोगी आहे. सांगलीहून निघालेल्या नर्सला किंवा वेल्डरला तिचा काय उपयोग?

मग सगळ्या याद्या टाकून द्यायच्या का? तसंही नाही. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळी मोजणी केली. त्यांनी शहरातली संपत्ती मोजली नाही. त्यांनी विचारलं, उत्पन्नाच्या अगदी तळच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरात वाढलेलं मूल मोठेपणी सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचतं का? सॅन होजेमध्ये शंभरातली जवळजवळ १३ मुलं पोचली. शार्लट हे मोठ्या बँकांचं शहर, पण तिथे साडेचारसुद्धा पोचली नाहीत. म्हणजे प्रश्न नीट विचारला तर शहराशहरात खरा फरक निघतो, आणि तो पैशाच्या ढिगावरून ओळखता येत नाही.

अजून एक गोष्ट निघाली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पाच शहरांत काही गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून चांगल्या वस्तीत राहायला जाण्याची मदत दिली गेली. मोठ्या माणसांच्या कमाईत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. पण जी मुलं तेराव्या वर्षाच्या आत तिथे गेली, त्यांची कमाई मोठेपणी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ध्यानात घ्या, इथे फरक पडला तो वस्तीने, लहान वयाने आणि तिथे काढलेल्या वर्षांनी. ‘पहिल्या दहा’ वगैरेंमध्ये यातलं काहीच नसतं.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात घर चालवण्याची विद्या आणि पैसा वाढवण्याची विद्या अशा दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पहिलीला मर्यादा असते, कारण घराला काय लागतं ते ठरलेलं असतं. दुसरीला मर्यादाच नसते. शहरांच्या याद्या दुसऱ्या विद्येच्या असतात, आणि त्या वाचून बॅग भरणारी माणसं बहुतेक वेळा पहिल्या विद्येसाठी निघालेली असतात.

तेव्हा घरात पुन्हा अशी यादी निघाली तर मुलांवर रागावू नका. त्यांना चार गोष्टी विचारायला सांगा. हे पैसे कुणाचे मोजले? केव्हा मोजले? जे परत गेले त्यांना धरलं का? आणि तिथे राहण्याचा खर्च कोण सोसतं, आपण की मागे राहिलेलं घर? या चारांची उत्तरं मिळाली तर खुशाल जावं. आपल्याकडची माणसं नेहमीच गेली आहेत आणि जाणंही पुष्कळदा शहाणपणाचं होतं. उत्तरं मिळाली नाहीत तर निदान गावची जमीन विकण्याआधी थोडं थांबावं. १८६४ च्या मुंबईत थांबलेल्या माणसाचं नुकसान झालं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.