पोरांचं भांडण आणि मेंढा गावची सभा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या दोघींच्या मुली शाळेत हातपंपावर भांडल्या. सहावीतल्या पोरी. एकीचा डबा चिखलात पडला, दुसरीची वेणी ओढली गेली. गुरुजींनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी आया भांडल्या, आणि आमची बैठक दोन महिने भरली नाही. एका मुलीने तर शाळेत जाणंच सोडलं.

तेव्हा आम्हाला मेंढा आठवलं. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावरचं हे गोंड गाव. १९८०च्या दशकात तिथे लोकांनी गोटुल पुन्हा बांधलं. गोटुल म्हणजे तरुण पोरापोरींनी एकत्र बसण्याची, शिकण्याची जुनी जागा. एका परीने आपल्या जंगलातली शाळाच. सागवान वापरलं म्हणून वनखात्याने ते मोडलं. लोकांनी काठ्या उचलल्या नाहीत. शेजारच्या गावांना बोलावून सभा घेतल्या आणि गोटुल परत उभं केलं.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने एक रीत पक्की केली. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकाचीही हरकत असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. त्याआधी अभ्यास गट बसतो. तिथे फक्त समजून घ्यायचं, ठरवायचं काही नाही. वेळ लागतो, खरं आहे. पण मतदानात हरलेला माणूस राग घरी नेतो, तसं इथे होत नाही. याच सभेच्या बळावर २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

शासनानेही १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आणली. समित्या झाल्या, पण मोठ्यांच्या. पोरांना कोण विचारणार? पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला. छडी गेली ते बरंच झालं. पण छडीच्या जागी काय आणायचं, ते कोणी नीट शिकवलं नाही, असं आम्हाला वाटतं.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असतात. आमच्यातल्या तिघी आहेत. त्यांनी गुरुजींना विनंती केली आणि दोघी मुलींना गोलात बसवलं. नियम एकच: आधी समोरचीचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, ती ‘हो, असंच’ म्हणाली की मग आपलं. कोण चुकलं ते त्या दिवशी ठरवायचं नाही. पहिल्या दिवशी दोघी गप्पच बसल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की डबा मुद्दाम पाडलाच नव्हता; मागून रांगेत कोणीतरी ढकललं होतं.

मुलगी शाळेत परतली. आता दर शनिवारी तो गोल बसतो. हातपंपाची रांग पोरांनीच ठरवली, लहान वर्ग आधी. आयांना एकत्र बसवायला मात्र आम्हाला दिवाळी उजाडली.