६ एप्रिल १८९९ : आयर्लंडमध्ये पहिल्या काउंटी परिषदा

आयर्लंडमधील काउंटी परिषदांसाठी पहिल्यांदा मतदान झाले, ते १८९९ साली आजच्या दिवशी. तोवर काउंटीचा कारभार ‘ग्रँड ज्युरी’ पाहत असे. तिचे सदस्य शेरीफ निवडी आणि ते बहुतेक जमीनदारच असत. रस्ते आणि पूल कुठे बांधायचे, कर किती बसवायचा, हे त्यांनी ठरवायचे. कराचा मोठा भार मात्र कुळांनी सोसायचा. हा उघड अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला. आयर्लंडचे मुख्य सचिव जेराल्ड बाल्फोर यांनी आणलेल्या १८९८च्या कायद्याने हे अधिकार लोकनियुक्त परिषदांकडे सोपवले.

निकालाने जमीनदारांची सद्दी मोडली. राष्ट्रवाद्यांनी बहुतेक काउंट्या जिंकल्या. ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांचे बळ उरले ते मुख्यतः ईशान्येकडील अल्स्टरमध्ये. काल ज्यांच्यापुढे अर्ज-विनंत्या करायच्या, त्यांच्याच जागी शेतकरी आणि दुकानदार येऊन बसले. स्वराज्यासाठी झगडणाऱ्या आयरिश जनतेच्या हाती प्रत्यक्ष कारभार आला, म्हणून या निवडणुकीचे मोल फार मोठे.

अटींची पूर्तता करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार होता, काउंटीखालच्या जिल्हा परिषदांवर निवडूनही जाता येत होते. काउंटी परिषदेची उमेदवारी मात्र त्यांना १९११पर्यंत नाकारली गेली.