अलकनंदा : बारा अब्ज वर्षांपूर्वीचा भोवरा

१८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून एम ५१ हा तेजोमेघ पाहिला आणि त्यातला भोवरा कागदावर रेखाटला. असे भोवरे आपल्या आकाशगंगेतलेच की बाहेरचे, हा वाद १९२०च्या दशकापर्यंत चालला. हबल यांनी देवयानीतल्या सेफिड ताऱ्यांवरून अंतर काढले, तेव्हा तो मिटला. ती स्वतंत्र ताराविश्वे होती.

पुढचा प्रश्न होता, हे भोवरे तयार कधी झाले? तारे आणि वायू यांची तबकडी स्थिरावून तिला रेखीव भुजा फुटायला अब्जावधी वर्षे लागतात, आणि सुरुवातीचे विश्व ओबडधोबड दीर्घिकांचे होते, असे सर्वसाधारण मत होते.

नोव्हेंबर २०२५मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांचा शोध जाहीर झाला. जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींतल्या सुमारे ७० हजार वस्तूंमधून त्यांना दोन ठळक भुजांची एक दीर्घिका सापडली. व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १० अब्ज सूर्यांएवढे, आणि दरवर्षी साधारण ६० सूर्यांएवढ्या नव्या ताऱ्यांची भर. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय होते अवघे दीड अब्ज वर्षे. वाटेतल्या आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाने गुरुत्वीय भिंगासारखे काम केले, म्हणून ती अधिक उजळ दिसली.

हे केंद्र खोडदची रेडिओ दुर्बीण चालवते. हा शोध मात्र परक्या दुर्बिणीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या विदेतून लागला. सॉफ्टवेअरवाल्या मला यातच मोठा बदल दिसतो. रॉसना दुर्बीण स्वतः बांधावी लागली होती. आज परळी तालुक्यातल्या माझ्या सिरसाळ्यातही ती विदा उतरवून घेता येते. लागतो तो प्रश्न आणि चिकाटी.

नाव ठेवले अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात या दोघी बहिणी-बहिणी. आपला ‘दीर्घिका’ हा शब्दही मुळात लांबट तळ्याचा किंवा विहिरीचा. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्याला ही नावे परकी वाटू नयेत.

आता तिची तबकडी शांतपणे फिरते की खळबळत, हे मोजायचे आहे. भुजा इतक्या लवकर कशा फुटल्या, याचा धागा त्यातूनच मिळेल.