काम वकिलाचं, पण सनद नाही

आपल्या बचत गटांमध्ये एक-दोघी तरी अशा असतात की कुणाच्या घरी भांडण झालं, सातबाऱ्यावरून नाव उडालं, नवऱ्याने घराबाहेर काढलं, की सगळ्या आधी त्यांच्याकडे धावतात. त्या अर्ज लिहून देतात, तहसीलला सोबत येतात, पोलीस ठाण्यात शेजारी बसतात. काम वकिलाच्या जवळचं, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली की त्यांना बाहेरच्या बाकावर थांबावं लागतं. आज आम्ही सांगणार आहोत ती अशाच एका बाईची हकिगत. तिला त्या बाकावरून उठून आत जायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

कॉर्नेलिया सोराबजी आपल्याच मुलखातल्या. जन्म १८६६ सालचा, नाशिकचा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले; आई पुण्यात शाळा चालवायची. आईकडे अडल्यानडल्या बायका येत. एकदा एक श्रीमंत गुजराती बाई आली. तिच्या कारभाऱ्याने कागदावर तिची निशाणी घेऊन सगळी मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतली होती. तेव्हा आईने मुलीला सांगितलं, अशा बायकांच्या उपयोगी पडायचं असेल तर कायदा शीक. न वाचता केलेल्या अंगठ्याने काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांचा नंबर इतका वर होता की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती बाईला देता येत नाही, असं सरकारने सांगितलं. मग त्यांनी काही काळ अहमदाबादच्या कॉलेजात शिकवलं आणि इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, तीही खास परवानगी काढून. परीक्षा देऊ दिली, पदवी मात्र दिली नाही. ती हातात पडली १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी!

१८९४ मध्ये त्या परत आल्या. त्या काळी मोठ्या जमीनदारांच्या आणि संस्थानिकांच्या घरातल्या बायका पडद्यात असत. परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, मग पुरुष वकिलाशी तरी कसं बोलणार? नवरा वारला की इस्टेट नावाला बाईची आणि चाव्या दिवाणजीच्या हातात. कॉर्नेलियाबाई बाई असल्यामुळे पडद्याआड जाऊ शकत होत्या. त्या गाऱ्हाणं ऐकत, कागद तपासत, अर्ज तयार करत. काठेवाड आणि इंदूरकडे इंग्रज अधिकाऱ्यासमोर बाजू मांडायची खास परवानगी त्यांना मिळाली. १८९६ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यातही त्या आरोपीच्या वतीने उभ्या राहिल्या.

पण मैत्रिणींनो, परवानगी वेगळी आणि हक्क वेगळा. परवानगी साहेबाच्या मर्जीवर असते. आज दिली, उद्या नाही. हक्क मिळावा म्हणून त्या १८९७ मध्ये मुंबईची एलएल.बी. परीक्षा आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा देऊन आल्या. तरीही सनद मिळाली नाही. अडचण अभ्यासाची नव्हतीच.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. ज्या इस्टेटींचा वारस अज्ञान आहे, किंवा जिथे कारभार बाईच्या हाती आहे, अशा इस्टेटी सरकारचं 'कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स' हे खातं सांभाळत असे. तिथल्या बायकांशी बोलायला बाईच हवी, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला. १९०४ मध्ये बंगालमध्ये त्यांना तशी नेमणूक मिळाली. बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम असा मुलूख त्या फिरल्या. पोटगी ठरवून घेणं, मुलांच्या शाळेची सोय लावणं, वारसाला जिवाचा धोका असेल तर त्याला जपणं, हे त्यांचं काम. सहाशेहून अधिक बायका-मुलांना त्यांची मदत झाली असं सांगतात. हे सगळं सल्लागार म्हणून. वकील म्हणून नाही.

दार ठोठावणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी आणि १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनी अर्ज केले. दोघींनाही कोर्टाने नकार दिला. पण त्याच १९२१ सालात अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं. त्या पंचावन्न वर्षांच्या होत आल्या होत्या. १९२३ मध्ये कायदाच झाला की, केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिली नाकारता येणार नाही. ते दार फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी उघडलं.

आत गेल्यावर सगळं सोपं झालं असंही नाही. कलकत्त्यात त्यांना कोर्टात उभं राहण्यापेक्षा कागदी सल्ल्याचंच काम जास्त मिळालं, आणि १९२९ मध्ये त्यांनी वकिली थांबवली. त्यांची सगळीच मतं आपल्याला पटतील असंही नाही. त्या इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. ते बाजूला ठेवूनही त्यांनी तुडवलेली वाट आपल्या कामाची आहे.

आज ती वाट पुष्कळ मोकळी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. याच व्यवस्थेत गावातल्या बायकांना 'विधी स्वयंसेवक' म्हणून प्रशिक्षण मिळतं. आणि ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण आहे. ते झालं की बार कौन्सिलकडे सनदेसाठी नाव नोंदवायचं आणि बारची परीक्षा द्यायची.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या ज्या मुलीला कागद वाचता येतो आणि साहेबापुढे बोलायची भीती वाटत नाही, तिचं नाव घ्या. तिच्या फीसाठी गटातून कर्ज देता येईल का, ते बोला. म्हशीसाठी देतो, शिलाई मशीनसाठी देतो, मग सनदेसाठी का नको?